बाबुन्याचा फांट

मराठी घरात चहा म्हणजे उकळण्याचे काम. पातेल्यात आधण ठेवावयाचे, त्यात साखर आणि किसलेले आले घालावयाचे, पूड टाकून रंग उतरेपर्यंत थांबावयाचे आणि मग दूध घालून आणखी एक कढ आणावयाचा. कढ आला नाही तर पाहुणा तोंडाने बोलत नाही, पण पेल्यात अर्धा चहा शिल्लक ठेवून उठतो. गवती चहाची चिवट पाती तर उकळल्याखेरीज आपला वास सोडतच नाही. पडशाचा काढा करावयाचा तर तुळस, मिरी आणि सुंठ घालून पाणी निम्मे होईपर्यंत आटविले पाहिजे, हे कोणत्याही आजीबाईला सांगावे लागत नाही. अशा स्वयंपाकघरात बाबुन्याची, म्हणजे इंग्रज ज्याला कॅमोमाइल म्हणतात त्याची, वाळलेली फुले पहिल्यानेच येतात तेव्हा त्यांची काय गत होत असेल हे सांगावयास नको. ती पातेल्यात पडतात, खळखळा उकळतात, वर दूध पडते, आणि पहिल्या घोटालाच मंडळी तोंड वाकडे करतात. पुडी मग फडताळाच्या मागच्या कोपऱ्यात जाते आणि पावसाळ्यात बुरसते.

रायपूरच्या उत्तर बाजूस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर भनपुरी आहे. एके काळचे हे खेडे आता कारखान्यांची वसाहत बनले आहे. पलीकडे उरला आणि सिलतरा येथे लोखंड-पोलादाच्या भट्ट्या आहेत. या मुलखाला मराठी भाषा नवी नाही. नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांच्या हाताखाली १७४१ साली छत्तीसगडात उतरले, आणि १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले रतनपुरास राहून येथला कारभार पाहत होते. त्यानंतर कचेऱ्या, रेल्वे आणि भिलाईचा पोलाद कारखाना यांच्या निमित्ताने विदर्भातील कुटुंबे येथे येत राहिली. कारखान्यांच्या गावात झोपेला वेळ नसतो. एका आठवड्यात दिवसपाळी, दुसऱ्यात रात्रपाळी. पहाटे घरी आलेला माणूस भर उजेडात झोपावयास जातो, आणि त्यापूर्वी सवयीने कपभर कडक चहा घेतो. चहातील कॅफीन रक्तात कित्येक तास रेंगाळते. अंथरुणावर तळमळणाऱ्या अशा माणसाला झोपेच्या गोळीची वाट धरावीशी वाटली तर नवल नाही. बाबुन्याच्या पेयात कॅफीन मुळीच नसते, एवढा एकच गुण त्याला रात्रीच्या चहाची जागा मिळवून देण्यास पुरेसा आहे. मग ते नीट करावयाचे कसे, हा प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर आपल्याच जुन्या वैद्यकात आहे. शार्ङ्गधरसंहितेत औषधी कल्पनांचे पाच प्रकार सांगितले आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथ म्हणजे काढा. त्यासाठी द्रव्याच्या सोळापट पाणी घेऊन ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावयाचे. साल, मूळ, खोड अशा कठीण वस्तूंना हा उपाय योग्य, कारण त्यांच्यातील सत्त्व सहजासहजी बाहेर येत नाही. हिमाचे द्रव्य थंड पाण्यात रात्रभर भिजत घालतात. फांटाची रीत या दोहोंच्या मधली आहे. पाणी चांगले तापवावयाचे, ते द्रव्यावर ओतावयाचे, थोडा वेळ मुरू द्यावयाचे आणि गाळून घ्यावयाचे. विस्तवाचा आणि द्रव्याचा प्रत्यक्ष संबंध येतच नाही. युरोपात बाबुन्याचा चहा ज्या रीतीने करतात ती नेमकी हीच. म्हणजे वस्तू परकी वाटली तरी कृतीला आपल्याकडे सातशे वर्षांपासून नाव आहे. विस्मरण झाले ते फक्त नावाचे.

फुलाला उकळणे का मानवत नाही, याचे कारण साधे आहे. बाबुन्याचा वास आणि त्याच्या गुणांचा एक मोठा भाग त्यातील उडनशील तेलात असतो. हे तेल फारच थोडे : शंभर ग्रॅम वाळलेल्या फुलांत जेमतेम अर्धा ते दीड ग्रॅम, आणि त्यातीलही अल्प अंशच पाण्यात उतरतो. उघड्या पातेल्यात कढ आला की वाफेबरोबर तेल निघून जाते. स्वयंपाकघर सुगंधाने दरवळते खरे, परंतु जो सुगंध खोलीत पसरला तो पेल्यातून वजा झाला असे समजावे. मागे उरतो तो कडवटपणा. या तेलाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. पांढऱ्या-पिवळ्या फुलांतून वाफेच्या साहाय्याने ते काढले की गर्द निळे निघते. फुलात असलेले मॅट्रिसिन नावाचे रंगहीन द्रव्य उष्णतेने बदलते आणि त्याचे कॅमाझुलीन नावाचे निळे द्रव्य बनते. पेल्यात मात्र हा निळा रंग दिसत नाही. तेथे पेंढ्यासारखा फिकट सोनेरी रंग उतरला म्हणजे कृती साधली.

वाळलेल्या फुलांचा फांट करताना एका माणसापुरती दोन-तीन लहान चमचे, वजनाने सुमारे दोन ग्रॅम फुले घ्यावीत. चिनी मातीची किटली असल्यास उत्तम. नसल्यास झाकण बसेल असा कोणताही काचेचा अथवा स्टीलचा पेला चालतो. पाण्याला उकळी येताच ते विस्तवावरून उतरावे, क्षणभर थांबावे आणि दीडशे मिलिलिटर, म्हणजे साधारण कपभर पाणी फुलांवर ओतून लगेच झाकण घालावे. या झाकणातच सारे रहस्य आहे. पाच ते दहा मिनिटांनी ते काढले की त्याच्या आतल्या बाजूस थेंब जमलेले दिसतात; पळू पाहणारे तेल त्या थेंबांबरोबर अडलेले असते, म्हणून ते झटकून न टाकता पेल्यातच निथळू द्यावेत. मग गाळून घ्यावे. फुले त्याहून फार वेळ पाण्यात राहिली तर चव कडू होते. दूध घालू नये, त्याने चव बिघडते. साखरेपेक्षा मध बरा, पण तो पेय कोमट झाल्यावर.

बाबुना हे नाव आपल्याकडे फारसीतून, यूनानी हकिमांच्या तोंडून आले. ग्रीकांनी या वनस्पतीला ‘जमिनीवरचे सफरचंद’ अशा अर्थाचे नाव दिले, तेच पुढे इंग्रजीत कॅमोमाइल झाले. स्पेनमध्ये तिला ‘छोटे सफरचंद’ म्हणतात. फूल बोटांत चुरडून हुंगले की ही नावे कोठून आली ते कळते. विकत घेताना याच वासाचा उपयोग करावा. रायपूरच्या पंसाऱ्याकडे काय किंवा नागपूरच्या काष्ठौषधींच्या दुकानात काय, ‘गुल-ए-बाबुना’ मागितले असता कधी शेवंतीच्या जातीतली भलतीच फुले पदरात पडतात. खऱ्या बाबुन्याच्या फुलाचा मधला पिवळा गोंडा उभा चिरला तर आत पोकळ आढळतो. इतर बहुतेक सोबत्यांचा तो भरीव असतो. आणि पुडीत फुलांपेक्षा काड्या व भुसा अधिक असेल तर ती दुकानदाराला नम्रपणे परत करावी.

शेवंतीचे नाव निघाले ते बरे झाले, कारण एक इशारा येथेच द्यावयास हवा. बाबुना, शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल ही एकाच कुळातली आहेत, आणि गाजर गवतही त्याच कुळातले. पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेले हे गवत आज देशभर पडीक जमिनींवर माजले आहे. कारखान्यांच्या कुंपणांलगतची मोकळी जागा तर त्याची आवडती. गाजर गवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते, गांधी उठतात किंवा शेवंतीच्या सान्निध्यात शिंकांचा सपाटा लागतो, त्यांनी बाबुन्यापासून दूर राहावे, निदान वैद्यकीय सल्ल्यावाचून तो घेऊ नये. रक्त पातळ ठेवण्याची औषधे, विशेषतः वॉर्फेरिन, घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनीही डॉक्टरांना विचारावे. एक वर्षाच्या आतील बालकाला मध तर कोणत्याच पेयातून देऊ नये. गुणांविषयीही अतिशयोक्ती नको. बाबुन्याने मन किंचित निवते, अस्वस्थता थोडी कमी होते, असे काही प्रयोगांत दिसले आहे; जुनाट निद्रानाश त्याने बरा होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही. आठवडेच्या आठवडे झोप न लागणाऱ्या माणसाने पेल्यावर विसंबून दिवस काढू नयेत.

ताज्या फुलांची हौस असेल तर झाड घरी लावता येते. लखनौ येथील, १९५९ साली स्थापन झालेल्या आणि पुढे सीमॅप या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या केंद्रीय संस्थेने ‘वल्लरी’ आणि ‘सिम-संमोहक’ अशा बाबुन्याच्या जाती काढल्या आहेत. नावे ठेवणाऱ्याला झोपेचे महत्त्व ठाऊक असावे. पीक रब्बीचे. बी धुळीइतके बारीक, हजार दाण्यांचे वजन ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ते कार्तिकात कुंडीतील ओल्या मातीवर नुसते भुरभुरावे; मातीखाली गाडले तर उगवत नाही, कारण त्याला उजेड लागतो. रायपूरची थंडी आखूड असते, तेव्हा पेरणीस उशीर करू नये. पौष-माघात फुले येऊ लागतात आणि फाल्गुन तापला की झाड आटोपते घेते. पांढऱ्या पाकळ्या आडव्या पसरलेल्या असताना, सकाळी दव उडाल्यावर फुले खुडावीत. पाकळ्या खाली झुकल्या म्हणजे फूल जून झाले.

ताज्या फुलात चार-पंचमांश पाणीच असते. म्हणून पेल्याला वाळलेल्याच्या चौपट-पाचपट, मूठभर फुले घ्यावी लागतात. मोजू गेल्यास साठसत्तर तरी भरतील. ती हलक्या हाताने धुवावीत, बोटांनी किंचित मोडावीत आणि वरच्याच रीतीने झाकून मुरवावीत. चव वाळलेल्यापेक्षा कोवळी आणि गवताकडे झुकणारी असते. मात्र या हिशेबाने दोन कुंड्यांवर घरादाराची रोजची सोय होणार नाही. फुले जशी खुडली जातील तशी वाळवून साठविणे हाच व्यवहारी मार्ग होय.

फुले वाळविणे छत्तीसगडला शिकवावे लागत नाही. चैत्रात मोहाची फुले अंगणोअंगणी उन्हात पसरलेली असतात. पण मोहात राखावयाची असते साखर, तिला ऊन बाधत नाही. बाबुन्यात राखावयाचा असतो वास, आणि तो उन्हात उडून जातो. म्हणून तो सावलीत वाळवावा. भनपुरीत गच्ची वर्ज्यच मानावी. भट्ट्यांची काळी धूळ ज्या गच्चीवर पाय काळे करते तेथे फुले पसरणे म्हणजे तीच धूळ पेल्यात घेणे होय, कारण वाळलेले फूल पुन्हा धुता येत नाही. खिडक्या लावलेल्या खोलीत, मलमलीवर, एकावर एक न येतील अशी पसरून ती हलक्या पंख्याखाली ठेवावीत. आठवडाभरात गोंडा चुरचुरीत लागतो. तो चिमटीत सहज चुरडला नाही तर आत ओल आहे असे समजावे. मग घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत भरून अंधाऱ्या फडताळात ठेवावीत. पुढल्या जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर बरणी वारंवार उघडली तर फुले दमट होतात, म्हणून त्या दिवसांपुरती थोडी फुले लहान डब्यात वेगळी काढलेली बरी. वर्षाच्या आत ती संपवावीत. शेवटच्या खुडणीला दहा-बारा फुले झाडावरच राहू द्यावीत. ती सुकली की कागदावर झटकावीत, म्हणजे पुढल्या कार्तिकात पेरावयास बी घरचे मिळते.