परत आलेलें पार्सल

दारावरची घंटा वाजते, पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेला तरुण उभा असतो, आणि दोन दिवसांपूर्वीं मोबाइलवर पसंत केलेली वस्तु आपल्या हातीं पडते. हा देखावा आतां आपल्या बहुतेक वाचकांच्या घरीं नित्याचा झाला आहे. वस्तु मनास आली नाहीं, तर दुसरा तरुण येऊन ती घेऊन जातो व आपले पैसे परत मिळतात. आपल्या दृष्टीनें प्रकरण तेथें मिटतें. परंतु पार्सलाचा प्रवास तेथें संपत नाहीं. तें पुढें कोठें जातें व त्याचा भार कोणावर पडतो, हें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

घरबसल्या माल मागविण्याची पद्धति अगदींच नवी नव्हे. अमेरिकेंत आरन माँटगोमेरी वॉर्ड यांनीं १८७२ सालीं टपालानें माल विकण्यास प्रारंभ केला, व पुढें लवकरच माल नापसंत झाल्यास पैसे परत देण्याची हमी दिली. आपल्या देशांत टपालखात्यानें १८७७ सालीं ‘व्ही. पी.’ची सोय काढली. पोस्टमनच्या हातीं पैसे द्यावे आणि मग पार्सल घ्यावें, अशी ती रीत. आपल्या आजोबा-पणजोबांनीं पुस्तकें व औषधें अशींच मागविलीं. मात्र मागविणारानें आयत्या वेळीं व्ही. पी. नाकारली, कीं ती पाठविणाराकडे परत जाई व टपालहशील त्याच्या माथीं बसे. २०१० सालीं फ्लिपकार्ट कंपनीनें माल हातीं पडल्यावर रोख पैसे देण्याची सवलत सुरू केली. तें जुन्या व्ही. पी.चेंच नवें रूप होय. आणि त्याबरोबर जुनें दुखणेंहि आलें.

हें दुखणें आम्हीं ठाण्याच्या वागळे इस्टेटींत जवळून पाहिलें. महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासांत या वसाहतीस मानाचें स्थान आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, तो लहानसा समारंभ मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालीं येथेंच झाला. पुढें कित्येक कारखाने बंद पडले व त्यांच्या जागीं कांचेच्या भिंतींच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. तथापि लहान गाळ्यांतून चालणारे धंदे अद्याप आहेत, आणि त्यांपैकीं कांहींनीं ऑनलाइन बाजाराचा आश्रय केला आहे.

गेल्या दिवाळीनंतर पंधरा दिवसांनीं आम्ही अशा एका गाळ्यांत गेलों होतों. मालक, त्यांच्या पत्नी व किसननगरांतून शिवणकामास येणाऱ्या तीन भगिनी, एवढाच तेथील परिवार. वर्षभर शाळेचीं दप्तरें आणि दिवाळीपूर्वीं कापडी आकाशकंदील शिवावयाचे, असा त्यांचा व्यवसाय. भिंतीशीं पार्सलांचा छातीएवढा ढीग पाहून आम्हीं मालकांचें अभिनंदन केलें. ते हंसून म्हणाले, “अहो, हा जाणारा माल नव्हे, परत आलेला आहे. यांत कंदीलच अधिक. आतां हे पुढल्या दिवाळीपर्यंत संभाळायचे!” त्याच वेळीं त्यांच्या पत्नी त्या भगिनींस, या आठवड्याची मजुरी दोन दिवस उशिरां मिळेल, असें खालच्या आवाजांत सांगत होत्या.

माल परत येण्याचे दोन मुख्य प्रकार त्यांनीं आम्हांस समजावून दिले. पहिल्यांत पार्सल ग्राहकाच्या हातीं पडण्यापूर्वींच फिरतें. पत्ता अपुरा असतो, घरीं कोणी नसतें, किंवा रोख पैसे देण्याच्या वेळीं ग्राहकाचें मन बदलतें. यास धंद्यांत ‘आरटीओ’ म्हणतात. या अक्षरांनीं आपणांस मोटारींच्या परवान्यांची कचेरी आठवेल. येथें मात्र त्यांचा अर्थ ‘मूळ ठिकाणीं परत’ असा आहे. दुसऱ्या प्रकारांत ग्राहक वस्तु उघडून पाहतो आणि ठरलेल्या मुदतींत परत करितो. तसें करतांना त्यास कारण निवडावें लागतें, व परतीचा खर्च कोणावर पडावा हें कित्येक बाजारांत त्या कारणावरून ठरतें. रंग आवडला नाहीं एवढ्यासाठीं जो ग्राहक ‘वस्तु सदोष’ या शब्दांवर बोट ठेवितो, तो नकळत विक्रेत्यास दंड करितो.

हा दंड केवढा, तें एका कल्पित हिशेबानें पाहूं. दप्तराची किंमत ४०० रुपये. कापड, चेन व शिलाई यांस २८० रुपये. बाजाराची दलाली व पाठवणी यांस ८० रुपये. विक्रेत्याच्या हातीं ४० रुपये उरले. आतां एक दप्तर परत आलें व जाण्यायेण्याचे १२० रुपये त्याच्या खातीं पडले, तर तीन दप्तरांचा नफा बुडाला. शिवाय परतीची मुदत संपेपर्यंत विक्रीचे पैसे बाजाराकडेच अडकून राहतात, तो ताण वेगळाच.

याहून वाईट प्रकार म्हणजे लबाडी. मालकांनीं एक पार्सल आमच्यापुढें उघडलें. गेलें होतें नवें दप्तर. परत आलें होतें जुनें, बंद तुटलेलें. त्याच्या आंतल्या बाजूस एका मुलाचें नांव शाईनें लिहिलेलें होतें. अशा प्रसंगासाठीं विक्रेते पार्सल बांधतांना व उघडतांना कॅमेऱ्यानें चित्रण करून ठेवितात. परंतु तक्रार थोड्या दिवसांच्या मुदतींत न केल्यास तो पुरावाहि व्यर्थ जातो.

याचा अर्थ वस्तु परत करूंच नये, असा मुळींच नव्हे. जुलै २०२० मध्यें लागू झालेल्या ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियमांप्रमाणें वस्तु सदोष, बनावट किंवा जाहिरातींतील वर्णनाहून निराळी निघाल्यास विक्रेत्यास ती परत घेणें नाकारतां येत नाहीं. हें न्याय्यच आहे. कारण न पाहिलेल्या वस्तूसाठीं ग्राहक केवळ विश्वासानें पैसे मोजतो. विक्रेत्यानेंहि खरें छायाचित्र द्यावें, लांबीरुंदी स्पष्ट लिहावी व वेष्टन मजबूत करावें. यांत कसूर झाली तर परत आलेल्या पार्सलाचा दोष त्याचाच.

आपल्याकडूनहि थोडें होण्यासारखें आहे. पत्ता पुरा लिहावा. वागळे इस्टेटींत नुसतें ‘रोड नंबर १६’ लिहून भागत नाहीं. गाळ्याचा क्रमांक, जवळची खूण व पिनकोड हवाच. श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतज्ञ टपाल अधिकाऱ्यांनीं योजिलेला व १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू झालेला हा सहा आंकड्यांचा संकेत शहराशहरांतील व गल्लीगल्लींतील घोटाळा टाळण्यासाठींच आहे. एक ठेवावयाचा म्हणून दोन मापांचे कपडे मागवूं नयेत. मागविलेलें पार्सल दारांतून फिरवूं नये; नको असल्यास तें निघण्यापूर्वींच रद्द करावें. आणि परत करणें भागच पडलें, तर खरें कारण द्यावें.

वाचकहो, त्या फाटक्या दप्तरावरील नांव आम्ही येथें देत नाहीं. त्या मुलास कदाचित् या अदलाबदलीची वार्ताहि नसेल. परंतु तो गाळा सोडतांना आमच्या मनांत एकच विचार घोळत होता: आपल्या मुलांचें नांव असलेली कोणतीहि वस्तु अशा रीतीनें कोणाच्या दारीं जाऊं नये, एवढी काळजी प्रत्येक घरानें घेतली, तरी त्या तीन भगिनींची मजुरी वेळेवर मिळण्यास थोडें साह्य होईल.