हळदीचं गाणं पडद्यावर

शहापूर-मुरबाडकडे हळदीला आगरी-कोळी गाणी वाजतात, आणि त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर आधीच पाहून झालेले असतात. नाचाच्या व्हिडिओत ठेका सोपा, हातवारे पुन्हा पुन्हा तेच. दोनदा पाहिलं की मांडवात नाचता येतं. गाण्यातून कथा सांगणारा व्हिडिओ 'पुढे काय?' या उत्सुकतेवर शेवटपर्यंत पाहिला जातो. नुसते शब्द सरकणाऱ्या व्हिडिओमुळे सोबत गाता येतं.

वारली आदिवासींच्या तारपा नृत्याचं चित्रण मात्र वेगळं हवं. नाचणारे तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्या वादकाभोवती फेर धरतात, त्याच्या सुरांवर पावलं बदलतात. चित्रणाचे छोटे तुकडे भराभर जोडले, की तो फेरच दिसेनासा होतो. चित्रीकरण करणाऱ्या मित्रांनो, तिथे कॅमेरा थोडा लांब आणि स्थिर ठेवा.