डोमेन-नामाचे स्वामित्व

कोल्हापुरातील एखाद्या चप्पल-विक्रेत्याने दुकानावर पाटी लावली, तर ती त्याच्या मालकीची ठरते. त्याच नावाचे डोमेन-नाम त्याने इंटरनेटवर घेतले, तर मात्र मालकीचा प्रश्न इतका सरळ राहत नाही.

वस्तुतः डोमेन-नाम विकत मिळत नाही. ते मुदतीने नोंदले जाते. 'डॉट कॉम'सारख्या नावांची मुदत एका वेळी अधिकांत अधिक 10 वर्षांची असते. मूळ नोंदवही रजिस्ट्री सांभाळते. ग्राहक व रजिस्ट्री यांमधील मध्यस्थ तो रजिस्ट्रार. नूतनीकरण न झाल्यास ते नाव यथाकाल इतरांस खुले होते. हिंदुस्थान युनिलिव्हरच्या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2020 साली रजिस्ट्रारच्या कार्याच्या या मर्यादा विशद केल्या आहेत.

असे असले तरी नावाभोवती जमलेला लौकिक हा कायद्याच्या संरक्षणास पात्र आहे. 'रेडिफ' व 'रॅडिफ' यांच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने 1999 साली डोमेन-नामास व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले. पुढे सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 साली तेच तत्त्व मान्य केले. डोमेन-नामासाठी स्वतंत्र कायदा नसला, तरी दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपविण्यास प्रतिबंध करणारे तत्त्व येथेही लागू पडते, असा त्या निर्णयाचा आशय होय.

येथे दोन प्रकारचे वाद वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला, नाव बळकाविणाऱ्या त्रयस्थाशी. त्यासाठी 'आयकॅन' संस्थेची 1999 ची लवाद-पद्धती आहे. तीत व्यापारचिन्हाशी साम्य, प्रतिपक्षास न्याय्य हक्क नसणे आणि नोंदणी व वापर दुष्टबुद्धीने झालेला असणे, या तिन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. 'डॉट इन' नावांसाठी स्वतंत्र भारतीय पद्धती आहे.

दुसरा वाद रजिस्ट्रारशी. तो मूलतः कराराचा असतो व वरील लवादापुढे चालत नाही. आयकॅनच्या नियमांनुसार नोंदणीकर्त्याने मागितलेला हस्तांतरणाचा संकेतांक 5 दिवसांत द्यावा लागतो. केवळ देण्याघेण्याचा वाद आहे, एवढ्याच कारणावरून तो अडवून धरता येत नाही. परंतु हा अधिकार नोंदणीकर्त्याचा. संकेतस्थळ बांधून देणाऱ्याने नोंद स्वतःच्याच नावावर केली असेल, तर पैसे भरणाऱ्या व्यापाऱ्यास रजिस्ट्रारच्या दारी स्थान उरत नाही. त्यास न्यायालयात आपला हक्क सिद्ध करावा लागतो.

कोल्हापुरी चपलेस 2019 साली भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला. तथापि आयकॅनची पद्धती व्यापारचिन्हावर आधारलेली असल्याने, केवळ भौगोलिक निर्देशांकाच्या बळावर 'कोल्हापुरी' हा शब्द असलेले नाव परत मिळविता येत नाही. शतकानुशतकांच्या कारागिरीने मिळविलेला लौकिक समाईक आहे. नोंद मात्र एकाच्याच नावे होते. ही विसंगती आपल्या विधिअभ्यासकांनी विचारात घ्यावी. तोवर व्यापाऱ्याने नोंद स्वतःच्या नावे आहे ना, हे पाहून घेणे इष्ट.