ताणक्षम विद्युत वस्त्रे

ताणक्षम विद्युत वस्त्रे म्हणजे संवेदक बसवलेली आणि शरीराच्या हालचालीबरोबर ताणली जाणारी कापडे होत. हृदयाचे ठोके, श्वसन व त्वचेचे तापमान सतत मोजण्यासाठी त्यांचा उपयोग होतो. तांब्याची सरळ तार फारशी ताणता येत नाही; म्हणून ती नागमोडी बसवतात. कापड ताणले की वळणे उलगडतात, धातूवर ताण कमी येतो. चांदीचा मुलामा दिलेले नायलॉनचे सूत इलेक्ट्रोड म्हणून विणले जाते. २०२० साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी असा धुता येणारा पोशाख सादर केला.

खरी अडचण अचूक मापनाची आहे. इलेक्ट्रोड त्वचेवरून सरकल्यास हृदयाच्या आलेखात खोटे चढउतार उमटतात व ते अनियमित ठोक्यांसारखे दिसू शकतात. घट्ट कपड्याने हा दोष कमी होतो. मात्र आजारी माणसाला तो दिवसभर घालणे जाचक ठरते.