नागपुरात गेमिंग मॉनिटर घेताना

सीताबर्डीच्या दुकानात मॉनिटर विचारला की पहिल्यांदा कानावर पडतो तो १४४ किंवा १६५ हर्ट्झचा आकडा. ६० हर्ट्झवर चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ वर ६.९ मिलिसेकंदांनी. हा फरक डोळ्यांना नक्की जाणवतो. माउस नुसता आडवा फिरवून बघा. १४४ वरून २४० वर गेल्यावर मात्र जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद वाचतात, आणि ग्राफिक्स कार्ड तेवढ्या फ्रेम देत नसेल तर वरचे पैसे पाण्यात.

हर्ट्झनंतर बघायचा तो पॅनलचा प्रकार: आयपीएस की व्हीए. आयपीएस पॅनल हिताचीने १९९६ मध्ये बाजारात आणलं. रंग छान, बाजूने पाहिलं तरी फिके पडत नाहीत. त्याचं दुखणं काळ्या रंगात आहे. कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१, व्हीए पॅनलचा ३०००:१ च्या आसपास. खोलीतले दिवे घालवून अंधाऱ्या गुहेतला गेम लावलात तर आयपीएसवर काळं राखाडी दिसतं आणि कोपऱ्यांत धुरकट उजेड पसरतो. उलट व्हीएमध्ये गडद दृश्यात पळणाऱ्या माणसामागे काळपट शेपूट ओढली जाते. वेगवान नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याने आयपीएसच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो. बहुतेक मॉनिटरच्या माहितीपत्रकात ४० ही वापराची कमाल मर्यादा असते, म्हणून भर दुपारी बंद खोलीत तासन्‌तास खेळणं टाळा. कूलरचा ओला झोत मागच्या जाळीवर येऊ देऊ नका.

घरी आणल्यावर विंडोजमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे हाच हर्ट्झचा आकडा, तपासा. अनेकदा तो ६० वरच राहिलेला असतो.