इंग्रजी शब्दांचा मधला थर

आपल्या मुलांचे इंग्रजी वरच्या दर्जाचे व्हावे अशी उत्कट इच्छा बाळगणारे पालक आणि ती इच्छा पुरी करण्याचा पत्कर घेणारे शिक्षक बहुधा एकाच वाटेने जातात; ती वाट म्हणजे कठीण शब्दांच्या यादीची. वहीच्या डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात मराठी प्रतिशब्द, अशा वीस-पंचवीस जोड्या लिहून घ्यावयाच्या, त्या मुखोद्गत करावयाच्या आणि शनिवारी चाचणी देऊन मोकळे व्हावयाचे, हा शिरस्ता आपल्या शाळांतून इतका रुळला आहे की त्यातून हशील काय होते याचा जाब कोणी विचारीत नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून स्मृतीची जी मोजदाद केली आणि १८८५ साली प्रसिद्ध केली, तीवरून एवढे तेव्हाच स्पष्ट झाले होते की, अर्थाचा आधार नसलेल्या पाठांतराचा मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच विस्मृतीत जातो आणि तेच श्रम दिवसांच्या अंतराने विभागून केले असता अधिक टिकतात. यादी विसरणाऱ्या मुलाला मंदबुद्धीचा ठपका देणे म्हणून अन्यायाचे आहे.

शिवाय यादीत कोणते शब्द घालावेत, हा प्रश्न उरतोच. त्याचा पद्धतशीर विचार करणाऱ्यांत मायकेल वेस्ट हे नाव आपल्याला विशेष जवळचे वाटावे, कारण त्यांचे प्रयोग अविभक्त बंगालात, ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात काम करीत असताना झाले. बंगाली मुलांच्या हाती पडणाऱ्या इंग्रजी वाचनमालांत अपरिचित शब्दांची इतकी गर्दी असे की, मूल प्रत्येक ओळीला अडखळे आणि वाचनाचा आनंद त्याला कधी लाभतच नसे. हे ध्यानी घेऊन त्यांनी दुर्मिळ शब्दांच्या जागी नित्याचे शब्द योजले आणि नवे शब्द बेताबेताने, पुनःपुन्हा भेटतील अशा रीतीने पेरले. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २००० नित्योपयोगी शब्दांची जी सूची प्रसिद्ध केली, ती इंग्रजीच्या अध्यापनात दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. त्या सूचीच्या पलीकडे विद्याविषयक लेखनात वारंवार आढळणारी ५७० शब्दकुले न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सन २००० मध्ये निश्चित केली, आणि अमेरिकेतील आयझाबेल बेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर कल्पून मधल्या थराकडे शिक्षकांचे लक्ष वेधले.

हा मधला थर म्हणजे काय, हे सेमी-इंग्रजी वर्गातल्या मुलाच्या दप्तरात डोकावले म्हणजे चटकन कळते. 'फोटोसिन्थेसिस' हा शब्द विज्ञानाचे शिक्षक फळ्यावर लिहून समजावतात, कारण तो त्यांच्या विषयाचा आहे. 'वॉटर' आणि 'लीफ' मुलाला पहिलीपासून येतात. पण प्रश्नपत्रिकेत 'डिस्टिंग्विश', 'जस्टिफाय', 'सफिशियंट', 'कॉन्सिक्वेन्स' असे शब्द येतात तेव्हा त्यांचा वाली कोणी नसतो. ते विषयाचे नाहीत म्हणून विज्ञानाच्या तासाला सुटतात, आणि धड्यात आले नाहीत म्हणून इंग्रजीच्या तासालाही. उत्तर येत असूनही प्रश्न न उमगल्याने मुलाचे गुण जावेत, याहून क्लेशकारक गोष्ट शिक्षणात थोडीच असेल. 'उच्च' शब्दसंग्रह म्हणून विरळ व भपकेदार शब्दांच्या मागे लागण्यापूर्वी हा थर पक्का करणे अगत्याचे आहे, असे माझे निश्चित मत आहे.

या कामी मराठी मुलाजवळ एक मोठे भांडवल आधीच असते, याची जाणीव मात्र त्याला कोणी करून देत नाही. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिथल्या बोलीवर फ्रेंचचा आणि पुढे विद्येच्या द्वारे लॅटिनचा थर चढला. म्हणूनच तिथे 'आस्क' हा घरचा, 'क्वेश्चन' हा फ्रेंचमधून आलेला आणि 'इंटरॉगेट' हा लॅटिनच्या तोंडवळ्याचा असे तीन शब्द शेजारी नांदतात. घराला प्रसंगी 'गृह' आणि पाण्याला 'जल' म्हणणाऱ्या आपल्या मुलांना ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. 'हृ' या एका धातूला उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्नार्थी शब्द कसे होतात, हे ज्याला एकदा समजले, त्याच्यापुढे पाहणे या अर्थाचा लॅटिन 'स्पेक्ट' ठेवून पाहा. 'इन्' म्हणजे आत, तेव्हा 'इन्स्पेक्ट' म्हणजे आत डोकावून तपासणे; 'प्रो' म्हणजे पुढे, तेव्हा 'प्रॉस्पेक्ट' म्हणजे पुढे दिसणारे, भावी; 'सर्कम' म्हणजे सभोवार, तेव्हा 'सर्कम्स्पेक्ट' म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा, सावध; आणि 'सस्पेक्ट' म्हणजे मुळात खालून वर पाहणे, ज्यातून संशयाचा अर्थ निघाला. संस्कृतातील 'पश्यति' आणि हेर या अर्थाचा 'स्पश' हेही याच कुळातले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यातच प्रतिपादले होते. पण आपल्या वर्गांत दंत आणि 'डेंटिस्ट', नाम आणि 'नॉमिनल', मातृ आणि 'मॅटर्नल' क्वचितच शेजारी बसविले जातात. धातूवरून अर्थ नेहमीच हाती लागतो असे नाही, जसा 'विहार' 'हृ'वरून लागत नाही. स्मरणाला मात्र तो भक्कम आधार देतो, आणि अर्थाचा अखेरचा निवाडा वापराकडे राहतो.

वापराचे महत्त्व एका शब्दावरून दाखवितो. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूष, असे यादीतून शिकलेला मुलगा आजी आजारी आहे म्हणून 'आय ॲम रिलक्टंट टुडे' असे लिहून जातो, आणि चूक कुठे झाली ते त्याला कळत नाही. तो शब्द उदासीचा नव्हे; एखादे कृत्य करावयास मन न घेणाऱ्याचा, कचरणाऱ्याचा आहे, आणि त्याच्यामागून बहुधा 'टु' येऊन ते कृत्य सांगितले जाते. यासाठी वहीत एका शब्दाला अर्धे पान द्यावे: वर 'द बॉय वॉज रिलक्टंट टु एन्टर द रिव्हर' असे वाक्य, त्याखाली 'रिलक्टन्स' आणि 'रिलक्टंटली' ही भावंडे, बाजूला जवळचा 'अनविलिंग', आणि सर्वांत खाली मुलाने स्वतःच्या अनुभवातले रचलेले एक वाक्य. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते, या विचारावर जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने भर दिला होता. आपला चहा कडक, तर त्यांचा 'स्ट्राँग'. आपला पाऊस मुसळधार, तर त्यांचा 'हेवी'. आपली मैत्री दाट, तर त्यांची 'क्लोज'. ही सोबत दोन रकान्यांच्या यादीत दिसत नाही. म्हणून सातवी-आठवीपासून इंग्रजी-मराठी कोशाच्या जोडीला इंग्रजी-इंग्रजी कोश मुलाच्या हाती द्यावा. परभाषिकांसाठी वाक्यरचनेसह अर्थ देणाऱ्या कोशाचा पाया ए. एस. हॉर्नबी यांनी जपानात इंग्रजी शिकवीत असतानाच घातला होता.

असे आठ-दहा शब्द एका आठवड्यास पुरेत. त्यांची उजळणी लांबत जाणाऱ्या अंतरांनी व्हावी. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली सुचविलेली कप्प्यांची पेटी याला सोयीची पडते, कारण आलेला शब्द पुढच्या कप्प्यात जाऊन उशिरा भेटतो आणि अडलेला पहिल्या कप्प्यात परतून लवकर. जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे आणि पुठ्ठ्याचा खोका एवढ्यावर ती घरी होते. मात्र चिठ्ठ्या वाचनाची जागा घेऊ शकत नाहीत. ज्या गावी ग्रंथालय नाही तिथेही विज्ञानाचे आणि गणिताचे पाठ्यपुस्तक असतेच. त्यातील एक पान घेऊन विषयाचे शब्द वगळावेत, नित्याचे वगळावेत, आणि मधे जे चार-सहा उरतील त्यांना पेन्सिलीने खूण करून त्या आठवड्याच्या वहीत जागा द्यावी.