कसुतीतले गणित: समज आणि वस्तुस्थिती

धारवाड-हुबळी भागातली कसुती, म्हणजे एक प्रकारचे भरतकाम, इरकली साडीच्या पदरावर आणि खणावर भरतात. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर हे तिचे नेहमीचे आकार. ही निव्वळ हातसफाई आहे, तिच्यात गणित कुठले, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात पारंपरिक कसुतीत कापडावर नक्षी आखून घेत नाहीत. उभे-आडवे धागे मोजून टाका घालतात. एका धाग्याची चूक झाली तरी पुढची सगळी नक्षी सरकते. उभ्या आणि आडव्या धाग्यांची दाटी सारखी नसेल, तर मोजणी बरोबर असूनही चौरसाचा आयत होतो.

गवंती या प्रकारात कापडाच्या दोन्ही बाजूंना तीच नक्षी दिसते, म्हणून ती दोनदा भरली असावी असे वाटते. खरे तर हा दुहेरी धावदोरा आहे. जाताना एक टाका वर, एक खाली पडतो; त्याच वाटेने परतताना मोकळ्या जागा भरतात. दोरा जिथून निघाला तिथेच परत येतो. गाठ मारत नाहीत, दोऱ्याचे टोक टाक्यांतच दडवतात.

‘हात न उचलता काढता येईल अशीच नक्षी एका दोऱ्यात भरता येते’ हा समजही खरा नाही. कागदावर ही अट लागू पडते. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलरने कोनिग्सबर्गच्या सात पुलांच्या कोड्यातून दाखवले, की जिथे विषम संख्येने रेषा मिळतात असे बिंदू दोनांहून अधिक असतील, तर आकृती एका रेघेत होत नाही. साधे अधिक चिन्ह घ्या. त्याची चार टोके अशी विषम आहेत, म्हणून ते कागदावर एका रेघेत निघत नाही. गवंतीत मात्र सुई मध्यातून वर येते, टोकाशी खाली उतरते, मागच्या बाजूने मध्याशी परतते आणि पुढच्या भुजेकडे वळते. आठ टाक्यांत दोन्ही बाजूंना पूर्ण चिन्ह उमटते. प्रत्येक रेषेवरून दोनदा जायचे असल्याने विषम बिंदू उरतच नाहीत. फांदीत शिरून परत यायला नेहमी सम संख्येने टाके लागतात, त्यामुळे परतीचा टाका आपोआप उलट बाजूला पडतो. नक्षी सलग असली, की कितीही गुंतागुंतीची असो, ती अशी भरता येतेच. कसुतीतली सर्वांत देखणी गोष्ट हीच.

सगळी कसुती दोन्हीकडून सारखी असते असे मात्र नाही. गवंती आणि नागमोडी मुरगी सारख्या दिसतात. विणकामासारखी दिसणारी नेयगी आणि फुलीच्या टाक्याची मेंथे तशा दिसत नाहीत.

प्रत्येक सुंदर नक्षीत सुवर्ण गुणोत्तर दडलेले असते, हेही असेच ऐकायला मिळते. कसुतीत एका दिशेची लांबी मोजलेल्या धाग्यांची, म्हणजे पूर्णांकात असते. सुवर्ण गुणोत्तर, सुमारे 1.618, ही अपरिमेय संख्या आहे. 8 धाग्यांना 5 धागे घेतले तर 1.6 मिळते, 13 ला 8 घेतले तर 1.625. धागे मोजून ते नेमके कधीच साधत नाही.